जुनी चीर

“पण मग ते ऐकलं कुणी?”

मी हे उंबऱ्यातूनच विचारलं. निदान मला तसं आठवतं. हल्ली आठवणीवर माझा भरवसा राहिलेला नाही. कदाचित मी आधी चपला काढल्या असतील, नमस्कारही केला असेल. पण नमस्कार केल्याचं आठवत नाही, प्रश्न मात्र आठवतो. मास्तरांचं उत्तर पुढे इतक्यांदा मनात घोळवलं, की त्यातले शब्द त्यांचे किती आणि माझे किती, हेही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मास्तर म्हणजे हसकेल वाक्रुळकर. अलिबागच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत. खडू नखाएवढा उरेपर्यंत टाकत नसत, म्हणून मुलं त्यांना कंजूष म्हणायची. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मी ख्रिस्ती. मला हिब्रू त्यांनीच शिकवलं, रविवारी दुपारी, त्यांच्या पडवीत.

त्या दिवशी मी पुण्याहून थेट त्यांच्याकडे आलो होतो. ईशज्ञानाचं शिक्षण संपलं होतं, ईस्टरनंतर पाळक म्हणून दीक्षा मिळायची होती. डोकं तापलेलं होतं.

दारात त्यांची मुलगी रिबका उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, मास्तर झोपलेत.

झोपले नव्हते. भिंतीला टेकून चटईवर बसले होते.

मग मी तो प्रश्न विचारला.

मास्तर गप्प.

“चौथा उद्गार माझ्याकडे आलाय, मास्तर.”

गप्पच.

मी सांगत सुटलो. आमच्या चर्चच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दुपारी क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या वर्षी चौथा माझ्या वाट्याला आला होता. देवा, तू मला का सोडलंस, असा तो आक्रोश. तयारीला म्हणून मी जुन्या करारातलं बाविसावं स्तोत्र उघडलं, हिब्रूतलं, मास्तरांनीच शिकवलेलं. आणि वाचता वाचता मधेच थांबलो.

“सगळं तिथं आहे, मास्तर! आक्रोश पहिल्याच ओळीत. येणारेजाणारे मान हलवून हसतात, तेही आहे. कपडे वाटून घेतात, त्यावर चिठ्ठ्या टाकतात. जीभ टाळूला चिकटते. तहानेला आंबलेला द्राक्षारस दिला, ते तेवढं दुसऱ्या स्तोत्रातलं. शेकडो वर्षं आधी लिहिलेलं...”

रिबका आतल्या दारात येऊन थांबली होती. मी येरझाऱ्या घालत होतो.

“शिष्य तर पळाले होते. बायका लांब उभ्या. मग त्यानं मरताना काय म्हटलं ते ऐकलं कुणी? कुणीच नाही! मागून लिहायला बसले, तेव्हा सांगण्यासारखं काही हाती नव्हतं. म्हणून तुमच्या घरातलं रडगाणं उचललं आणि त्याच्या तोंडी घातलं.”

माझाच आवाज मला मोठा वाटला. मी थांबलो.

बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, “बस.”

मी खुर्ची ओढायला गेलो.

“खाली बस.”

मी चटईवर बसलो.

“आज धडा नाही घेता येणार,” ते म्हणाले. “पण विलापाचं बोललेलं चालतं. बरा दिवस निवडलास.”

मला त्याचा अर्थ लागला नाही. विचारायचा धीरही नव्हता. माझंच मला उरकायचं होतं.

“काही जण म्हणतात, त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत आहे, तेव्हा तो सबंध स्तोत्रच म्हणत होता. मला ही पळवाट वाटते.”

“मलाही.”

“मग?”

“मग काय? तुझ्या माणसाचं मला काय विचारतोस, हिवाळे? तो आमच्यातला होता खरा, पण तुम्ही नेलात. गाणंही नेलंत. आता उसनं नेलेलं परत करायला आलास होय?”

रिबकाला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं. का दाबलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

“थट्टा करू नका, मास्तर. मी शुक्रवारी बोलणार नाही. आज संध्याकाळीच पाळकसाहेबांना जाऊन सांगतो. दीक्षाही नको म्हणतो.”

“का?”

“कारण तो एकटा मेला. आणि त्याचे स्वतःचे शब्दसुद्धा उरले नाहीत. लोकांपुढे उभं राहून कुणाचे शब्द सांगू?”

मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता खरंच झोपणार.

“तुझे वडील गेले तेव्हा तू तिथं होतास ना?” त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

“होतो. सिव्हिल हॉस्पिटलात.”

“काय ओरडलास?”

“आठवत नाही.”

“मला आठवतं. मी जिन्यात होतो. तू ‘आई गं’ ओरडलास.”

मी चटईची एक काडी उपसू लागलो.

“मेला बाप,” मास्तर म्हणाले, “आणि हाक आईला. ती तर बिचारी घरी भाकऱ्या करत होती. शब्द तुझा नाही, माणूसही चुकीचा. खोटंच ओरडलास म्हणायचं.”

“तोंडून निघालं ते...”

“निघालं,” मास्तर म्हणाले. “बरं.”



कुठं बघावं कळेना. समोर त्यांचा शर्ट होता. गळ्यापासून खाली फाटलेला.

“शर्ट फाटलाय तुमचा,” मी म्हणालो. विषय बदलायचा होता. वर हेही म्हणालो, “एक नवा घ्या आता, मास्तर. खडूसारखा कपडाही पुरवून पुरवून वापरता.”

रिबका दारातून म्हणाली, “फाटलेला नाही. फाडलाय.”

मी तिच्याकडे बघितलं.

“मिलकाआत्या वारली परवा. मुंबईला. तुम्हाला खूण केली मी दारात. शोकाच्या घरी ज्याचं माणूस गेलं त्यानं आधी बोलायचं असतं. तोवर आलेल्यानं गप्प बसायचं. शास्त्राचा धडाही सात दिवस बंद, विलापाचा तेवढा चालतो.”

मी उठायला लागलो. मास्तरांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड इतकी घट्ट असेल असं वाटलं नव्हतं.

“मास्तर, मला ठाऊक नव्हतं...”

“बोललास ते बरं झालं. दोन दिवस सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत बसलेत. मला सुचेना.”

मग त्यांनी माझं बोट धरून शर्टाच्या चिरेवर ठेवलं. वर, गळ्यापाशी.

“हे कसं लागतं?”

तिथले धागे मऊ झाले होते. विरलेले, पिंजल्यासारखे.

“जुनं आहे.”

“रिबकाची आई गेली तेव्हाचं.”

“मी शिवायला काढला होता,” रिबका म्हणाली. “बाबांनी दिला नाही.”

मास्तरांनी माझं बोट खाली सरकवलं. एका जागी धागे एकदम ताठ झाले. टोकं कोरी, पांढरी.

“आणि हे?”

“हे... मिलकाआत्यांचं.”

“अरे वा. पुण्याचं शिक्षण वाया गेलं नाही.”

मी बोट मागे घेतलं. त्यांचा हात मात्र चिरेवरच राहिला. ते खाली बघत होते, दोन्ही धाग्यांकडे.

रडू येत होतं, आणि ते कुणासाठी येतंय हे कळत नव्हतं. तरीही माझ्यातला विद्यार्थी गप्प बसेना.

“पण मास्तर, कपाटात दुसरा शर्ट असेलच ना. तिच्यासाठी म्हणून नवा का नाही काढलात?”

मास्तरांनी वर बघितलं.

“नवा काढला असता, तर मिलका एकटीच गेली असती.”

...

मी त्या संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो नाही. शुक्रवारी उभा राहिलो, तेच जुने शब्द घेऊन. काय बोललो ते आठवत नाही. बरं बोललो नसणार. मधेच आवाज गेला आणि लोक तो भक्तीमुळे गेला असं धरून चालले.

कितीतरी वर्षं मात्र मनात एक शंका राहिली. मास्तर सुंदर बोलले खरे, पण नवा शर्ट वाचवायलाच जुना फाडला नसेल कशावरून? ते वारल्यावर, रिबका इस्राएलला गेल्यावर, विचारायला कुणी उरलं नाही. शेवटी म्हातारपणी शोकाचे नियम सांगणारे यहुदी धर्माचे जुने ग्रंथ मी स्वतः शोधून वाचले. नियम आहे. पहिल्या मृत्यूच्या शोकाचे सात दिवस उलटल्यावर आणखी कुणी गेलं, तर जुनीच चीर पुढे फाडता येते. पहिली चीर चार बोटं लांब असावी लागते. दुसरीला माप नाही. थोडीशी पुढे गेली तरी पुरते.