ऊन भाताचा घास

पूर्वी वेत्रा नदीच्या काठी कुंभवती नगरात मणिकेतू राजाची सत्ता चालू असताना बोधिसत्त्वाने एका आचाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. खाण्याची त्याला मनापासून आवड होती. ती पाहून घरातल्या थोरांनी त्याला अशा जागी नोकरीला लावले, की आवड मुळासकट उपटली जावी. तो राजाचे अन्न आधी चाखून पाहणारा झाला.

काम सोपे होते. ताट आले की सोमिलने प्रत्येक पदार्थाचा एकेक घास खायचा आणि राजासमोर स्वस्थ बसायचे. अंगणातल्या खांबाची सावली पायरीला टेकेपर्यंत तो जिवंत राहिला, की राजा जेवायला घेई. सोमिल मेला असता, तर राजा त्या दिवशी जेवणार नव्हता. नोकरी ती एवढीच.

मोबदला मात्र घसघशीत होता. राहायला दुमजली घर, दारात दुभत्या गाई, सणाला रेशमी उपरणे. गल्लीतले लोक पोरांना सांगत, "बघा, नुसतं खाऊन माणूस केवढा मोठा झाला!"

पण सोमिलची भूक कधीच मेली होती. घास तोंडात गेला की त्याला चव लागत नसे. पोटात कळ येते का, बोटे बधिर होतात का, एवढेच तो पाहत बसे. आचाऱ्यांच्या हातांकडे संशयाने बघून बघून त्याची नजरच तशी झाली होती. संध्याकाळी घरी परते, तेव्हा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा दिसे.

एके दिवशी त्याची मुलगी कुंदा पहिल्यांदाच एकटीने चुलीपुढे बसली. तिने खीर केली. तिचे कौतुक करायला सोमिलचा मामा धनंजय मुद्दाम आला होता. भाच्याला ही नोकरी त्यानेच मिळवून दिली होती आणि तेव्हापासून दर सणाला त्याची आठवण करून देण्याचे कामही तो न चुकता करी.

कुंदाने पहिली वाटी बापापुढे ठेवली. सोमिलने एक थेंब जिभेवर घेतला, वाटी खाली ठेवली, हात मांडीवर घेतले आणि अंगणातल्या सावलीकडे बघत तो बसून राहिला.

"बाबा, गूळ कमी पडला का?" कुंदाने विचारले.

त्याची नजर सावलीवरून हलली नाही. खिरीवर साय धरली.

"अहो," त्याची बायको हळूच म्हणाली, "आपली कुंदा आहे ती."

कुंदाच्या तेवढ्यात लक्षात आले. "मी काही घातलं नाही हो त्यात, बाबा," ती म्हणाली आणि आत पळाली.

सोमिल दचकला. त्याने ती गार खीर चाटूनपुसून खाल्ली, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. तो म्हणाला, "मामा, मी ही नोकरी सोडतो."

मामाची दुसरी वाटी चालू होती. ती खाली न ठेवता तो म्हणाला, "वेड लागलंय का तुला? लोक या जागेसाठी नाक घासतात!"

"मग तुम्ही घ्या की."

"माझं पोट नाजूक आहे रे."

"आणि माझं?"

"तू तरुण आहेस. सहन करायचं असतं. आम्ही नाही का आयुष्यभर सहन केलं?"

"काय सहन केलंत, मामा?"

मामाने बराच विचार केला. काही आठवेना, तेव्हा त्याने खीर मागितली. वाढून होताच त्याला सुचले. "हे बघ, तू सोडलीस तर जागा बाहेर जाता कामा नये. आपल्या भद्राला चिकटवून टाकू." भद्र म्हणजे मामाचाच मुलगा. मिसरूडही न फुटलेला.

थोरांची ही एक मोठी गंमत आहे. जो घास आपण खाणार नाही, तो घरातल्या लहानांच्या तोंडी जावा, अशी त्यांची फार इच्छा असते.

सोमिलच्या मनात आले, आपण नुसते उठून गेलो तर या पाटावर दुसरा कोणीतरी बसणार. उठायचे तर पाटच उचलला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात ताट आले. वाफाळलेला भात, मुगाचे वरण, वर तूप. सोमिलने नेमाप्रमाणे घास घेतला. मग दुसरा घेतला. मग तिसरा, फुंकर घालून, बोटे चाटत.

"हे काय चाललंय?" राजा ओरडला. "तू चाखतोयस की जेवतोयस?"

"जेवतोय, महाराज. उद्यापासून मी नाही. म्हटलं, एकदा तरी गरम असताना पोटभर खावं."

"वेतन दुप्पट करतो."

"भूक दुप्पट कराल का?"

 राजाची नजर भाताच्या वाफेवर खिळली होती. जन्मल्यापासून त्याने सावली टेकल्यावरचा गार, कडक झालेला भातच खाल्ला होता. त्याला राहवेना. हात पुढे करून त्याने मोठा घास उचलला आणि तोंडात कोंबला.

पुढच्याच क्षणी तो किंचाळून उभा राहिला. डोळ्यांत पाणी, हात तोंडावर. "विष! जळतंय! विष!"

पहारेकऱ्यांनी तलवारी उपसल्या. एकाने सोमिलची मान धरली. मान धरलेल्या अवस्थेतच सोमिल खदाखदा हसू लागला. कित्येक वर्षांत तो असा हसला नव्हता.

"महाराज, ते विष नाही. भात ऊन आहे. फुंकर घाला!"

राजाने घाबरत फुंकर घातली. चावले. गिळले. थोडा वेळ स्वतःच्या पोटाकडे कान दिल्यासारखा उभा राहिला. मग खाली बसून त्याने ताट आपल्याकडे ओढले.

"पण उद्या खरंच कोणी घातलं तर?" तो भरल्या तोंडाने म्हणाला.

"हा भात कोणी रांधला, महाराज?"

"मला काय ठाऊक?"

"तेच म्हणतोय. नावसुद्धा माहीत नाही, मग भीती वाटणारच. आचाऱ्याला शेजारी पाटावर बसवा. एकाच पातेल्यातलं दोघांना वाढा. तो जेवेल, तुम्ही जेवा. तिसऱ्याने मरायची गरज नाही."

राजाने आचाऱ्याला बोलावले. तो हात पुसत आला, बसला आणि पहिल्याच घासाला म्हणाला, "मीठ जरा कमी झालं." राजा म्हणाला, "मलाही तसंच वाटलं." त्या दिवसापासून चाखणाऱ्याची जागा कुंभवतीतून गेली ती गेलीच.

दुमजली घरही गेले आणि गाईही. सोमिलने नदीच्या उतारावर वाटसरूंसाठी खानावळ घातली. मामाने वर्षभर बोलणे टाकले. घरात बरीच शांतता राहिली. खानावळीच्या पहिल्या दिवशी कामे उरकून सोमिल घरी आला आणि दारातूनच ओरडला, "कुंदे, खीर आहे का गं? भूक लागलीय!" तिने वाटी पुढे केली. त्याने घाईघाईने घोट घेतला. जीभ चांगलीच पोळली.

शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, ही कथा एका तरुण भांडारपालाला सांगितली. भरपूर पगाराची, पण जीव शोषणारी नोकरी त्याला सोडायची होती, आणि "याला जरा समजवा" म्हणून बापानेच त्याला ओढत विहारात आणले होते. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा मणिकेतू राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. कुंदा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. धाकटा भद्र म्हणजे, मुला, तू. आणि सोमिल मीच होतो."

"आणि तो मामा?" तरुणाने विचारले.

"तोही इथेच बसला आहे," शास्ता म्हणाला.

बापाने उपरणे सावरले आणि छताकडे पाहिले. तरुणाला हसू फुटले. मग शास्त्याने या कथेतल्या पारमितेचे, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या गुणाचे, नाव सांगितले: नैष्क्रम्य, म्हणजे पोट भरलेले असतानाही ताटावरून उठता येणे, आणि उठताना आपला पाट दुसऱ्याच्या गळ्यात न अडकवणे.