घाट उतरण्याआधी

फार मागे, माणदेशातल्या एका माळावर धनगरांच्या वाड्यात लाखी नावाची मध्यम वयाची घोडी होती. पावसाळाभर बसून खाल्लं की दुखावलेला गुडघा पहिल्यासारखा होईल, असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात गुडघा आखडला, पोट सुटलं आणि पहिल्याच टेकाडावर धाप लागली. दिवाळी सरली की मेंढरं कोकणात उतरणार होती. घाटात जिला ओझं पेलणार नाही, त्या घोडीला विकायला बाजार दाखवायचे.

लाखीला चैन पडेना. घाटाआधी अंग मोकळं व्हावं म्हणून ती रोज शिंगरांबरोबर माळभर उधळू लागली. तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला आणि ती लंगडत परतली.

"लाखीआक्का, शर्यत जिंकायची होती का गं?" मुंगळी नावाच्या राखणीच्या कुत्रीने विचारलं.

"हस तू! बाजार मला दिसतोय. आता पडूनच राहते."

"पावसाळाभर पडूनच होतीस की! आणि घाटात तुला पळायला सांगतं कोण? पाठीवर हंडे, कोंबड्या, काल जन्मलेली कोकरं. तू पळालीस तर सगळी दरीत!"



सकाळी गुडघा ठणकत होता. शिंगरं उधळली, तसे तिचेही कान ताठ झाले. पण ती वळली ती हंडे घेऊन ओढ्यावर निघालेल्या धनगरणीकडे, आणि तिने पाठ पुढे केली. 'आज रिकामे हंडे, तेही ओढ्यापर्यंतच,' तिने ठरवलं, 'आणि ठणकलं तरी उद्या पुन्हा.'

शिंगरं लांब निघून गेली. तिने जाऊ दिली.