अंगणवाडीतली गुरुवारची बैठक

"इथं प्रमुख कोण?" माझ्या सासऱ्यांनी दारातूनच विचारलं.

"कुणी नाही," आतून उत्तर आलं.

"मग शिकवतं कोण?"

"शिकवत बी कुणी नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघ, कुठं आणलंस मला, असं ते पाहणं होतं.

खोली अंगणवाडीची. दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची बैठक इथं दर गुरुवारी संध्याकाळी सहाला भरते, हे मला आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं.

माझं लग्न होऊन दोन महिने झालेत. तिसऱ्याच आठवड्यात सासूबाई भावाकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "ह्यांनी सोडायला पाऊल टाकलं, की कळव. मी येते. नुसतं बोलले तर नको कळवूस."

अजून काही कळवलेलं नव्हतं.

बापलेकांचं बोलणं बंद, म्हणून सासऱ्यांना इथवर आणण्याचं काम नव्या सुनेकडे आलं. गल्लीत शिरलो तेव्हा ओट्यावरच्या दोघी बायकांनी आधी अंगणवाडीची पाटी पाहिली, मग माझं पोट. गावाला नऊ महिने पुरेल एवढा विषय आम्ही देऊन आलो होतो.

आत एकच म्हातारा होता. पोरांच्या चिमुकल्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बसलेला. भोवती आठ-नऊ तसल्याच खुर्च्या. गोल मांडलेल्या. रिकाम्या.

सासरे डोळे बारीक करून बघत राहिले.

"लहू? लहू ड्रायव्हर?"

"व्हय, साहेब."

सासरे तीस वर्षं बस डेपोत होते. पहाटे ड्रायव्हरच्या हाती गाडी द्यायच्या आधी त्याचं तोंड हुंगायचं, हे त्यांचं काम. ते अजूनही अभिमानानं सांगतात. दुपारनंतर सांगितलं तर जरा अडखळत.

"तुला किती वेळा परत पाठवलं असेल रे मी?"

"सात वेळा. आठव्यांदा नोकरीच गेली."

"आणि आता तू मला शहाणपण देणार?"

"नाही."

...

"बाकीचे कुठायत?"

"कोण लग्नाला, कोण कुस्त्या बघायला. आज मी एकलाच."

"म्हणजे बैठक नाही!" सासऱ्यांचा आवाज एकदम हलका झाला. "चल गं. पुढच्या गुरुवारी बघू."

पुढचा गुरुवार. पुढचा सोमवार, पुढची एकादशी, दिवाळीनंतरचा पाडवा... सासूबाईंनी असल्या तारखांवर अठ्ठावीस वर्षं काढली होती.

मी चपला घातल्या नाहीत. तेवढं नव्या सुनेला जमतं.

चपलेत पाय घालता घालता सासऱ्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली रे तुला सोडून?"

"एकोणीस."

"एकोणीस! मग तुला कशाला लागते बैठक? सुटलास की तू."

सासरे उंबऱ्याबाहेर पोचले, तेव्हा लहूनाना बोलले.

"साहेब... जाऊ नका."

"का?"

"आज सकाळधरनं प्यावीशी वाटतीय."

सासरे वळले. "थट्टा करतोस?"

"मालकिणीचं वर्षश्राद्ध झालं काल. पाहुणे गेले. घर गप झालं."

सासरे आत आले. वाकले. नानांच्या तोंडापाशी नाक नेऊन त्यांनी हुंगलं. हातानं नाही, डोळ्यानं नाही, नाकानंच ते आयुष्यभर माणसं ओळखत आले होते.

"घेतली नाहीस."

"अजून नाही."

...

"अजून" या शब्दावर खोली थांबली. भिंतीवरच्या तक्त्यातला गणपती, घर, चमचा आमच्याकडे बघत राहिले.

मग सासऱ्यांनी एक खुर्ची ओढली. निळी. हत्तीचं चित्र असलेली. ते जपून टेकले, आणि ती कुरकुरली. एरवी मी हसले असते.

"किती वेळ बसू?"

"तल्लफ जाईस्तोवर."

"आणि नाही गेली तर?"

"समोर कोण बसलं, की जाती."

"कोणपण?"

"कोणपण नाही. ज्याला ठाऊक हाय, तो."

सासऱ्यांनी घसा खाकरला. एकदा दाराकडे पाहिलं. मी उंबऱ्यात होते, हे त्यांना दिसलं. तरी ते बोलले, आणि आवाज असा, की घरात तो मी कधी ऐकला नव्हता.

"लहू, मी काय सांगणार तुला? तू एकोणीस वर्षं कोरडा. आणि मी..."

...

"मी आज दुपारी घेतली. इथं यायचं म्हणून. धीर यावा म्हणून."

लहूनानांनी आपली खुर्ची पुढं सरकवली. गुडघ्याला गुडघा लागला.

"मग तिथनंच सांगा, साहेब."