प्रसिद्ध की अप्रसिद्ध?

किनवटच्या सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका छाया गजभारे आपल्या कविता ब्लॉगवर टाकत. बाळंतिणींवरची त्यांची एक कविता हजारो लोकांनी वाचली. 'वर्षातली उत्कृष्ट प्रसिद्ध कविता' या जिल्हा पुरस्कारासाठी त्यांनी तीच पाठवली.

निवड समितीचे अध्यक्ष विश्वंभर खेडकर एका मानाच्या मासिकाचे संपादक होते. अर्जदारांना बोलावलेल्या भर सभेत त्यांनी छायाताईंचा अर्ज बाजूला सारला.

"बाई, छापून येते तीच प्रसिद्ध कविता. मोबाइलवरच्या मजकुराला आम्ही प्रसिद्धी मानत नाही."

सभेत हशा पिकला. छायाताईंची कानशिलं तापली, पण त्या शांतपणे उठल्या.

"मानलं, सर. म्हणजे माझी कविता अप्रसिद्ध आहे ना?"

"अर्थातच."

छायाताईंनी पर्समधून एक पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मार्चमध्ये हीच कविता मी तुमच्या मासिकाला पाठवली होती. ब्लॉगवर आधीच प्रसिद्ध झाली असल्यामुळे छापता येत नाही, असं तुम्ही सहीनिशी कळवलंत. आता ती अप्रसिद्ध असेल, तर पुढच्या अंकात छापा. प्रसिद्ध असेल, तर माझा अर्ज स्पर्धेत घ्या. मला दोन्ही चालेल."

खेडकरांनी स्वतःचीच सही दोनदा न्याहाळली. मग त्यांनी तो अर्ज उचलून इतर अर्जांत ठेवला.

महिन्याभराने पुरस्कार छायाताईंनाच मिळाला. त्यांनी व्यासपीठावर ताठ मानेनं उभं राहून ती कविता तोंडपाठ म्हटली. खेडकरांना टाळ्या वाजवाव्या लागल्या, आणि त्या त्यांनी मनापासून वाजवल्या.