शैवलीने मागितलेला कडू रस

कृतयुग सरत आले असता रेवा नदीच्या दक्षिणतीरी, अरण्यात शैवली नामक तपस्विनी राहत असे. त्या काळी यच्चयावत वनस्पतींचा रस मधुर होता. निंबाचे पान उसासारखे लागे आणि बाभळीला काटा ठाऊक नव्हता. म्हणूनच मदोन्मत्त घुणासुर त्या अरण्यावर चालून आला. त्याचे अर्धे सैन्य तीक्ष्णदंत कीटकांचे. उरलेले अर्धे इतके सूक्ष्म, की दृष्टीस न पडता पानात शिरे आणि आतून कुजवी. शैवली दिवसभर अळ्या वेचून थके, तोवर शेजारचा वृक्ष उन्मळून पडलेला असे.

अखेर एकवीस दिवस निराहार राहून तिने वनस्पतींचा स्वामी जो सोम, त्याला प्रसन्न केले.

"वत्से, घुणासुराचे अवघे कुळ क्षणात भस्म करतो!" सोम गर्जला.

शैवली 'तसेच करा' म्हणणार, तोच परागाने माखलेला एक भुंगा पळसाच्या एका फुलातून निघून दुसऱ्यात शिरला. ती थबकली.

"भगवन्, हा भुंगाही त्याच कुळातला. हे कुळ बुडाले तर फुलाचे फळ कसे होईल? माझ्या झाडांना पळायला पाय नाहीत. उभ्या जागी लढता येईल, असा कडू रस तेवढा त्यांना द्या."

"मी अमृताचा धनी, मजपाशी कडू रस कोठला? तुझ्या जिभेवरची गोडी दे, तिचेच विष करीन. मग आजन्म तुला मधही पाण्यासारखा लागेल."

शैवलीला आईच्या हातची खीर आठवली. डोळे भरून आले. "घ्या," ती म्हणाली.

तत्क्षणी निंब कडू झाला, बाभळीला काटे फुटले, सालईच्या जखमांवर डिंक दाटला. कुरतडलेले पान उग्र गंधाने शेजारच्या झाडाला सावध करू लागले. अदृश्य सैनिक जेथे शिरत, तेथे पान स्वतःचाच तेवढा भाग जाळून त्यांना आत कोंडून टाकी.

घुणासुर शैवलीच्या पायांवर कोसळला. "माते, माझी प्रजा उपाशी मरेल!"

"नाही मरणार. ज्याला ज्या झाडाचे विष पचेल, त्याने त्याचे पान खावे. मात्र सारे अरण्य कोणा एकाला पचणार नाही."

त्या वचनामुळेच रुईच्या विषारी चिकावर आजही एखाद्याच जातीची अळी सुखाने पोसते, बाकीच्या अळ्या रुईला तोंड लावीत नाहीत. आणि अदृश्य सैनिकांना कोंडताना जळालेला तपकिरी ठिपका पानावर पडला, तरी त्याच्याभोवतीचे पान हिरवेगार राहते.