गणोबाचं ‘बघू’

जंगलात ओटीटी आलं, त्या काळची ही गोष्ट. खोटी वाटली तर माकडांना विचारा, पासवर्ड अजून त्यांच्याचकडे आहे.

गणोबा साळिंदराची लेक बकुळा सासरहून एका संध्याकाळपुरती माहेरी आली. “बाबा, आज दोघांनी मिळून एक सिनेमा बघायचाच,” ती म्हणाली. “पहाटे निघायचंय मला.”

गणोबाने वडाला पडदा बांधला आणि सिनेमे लावून देणाऱ्या पोपटाला बोलावलं. पोपट विचारू लागला.

“युद्धाचा लावू?”

“फार मारामारी,” गणोबा म्हणाला.

“भुताचा?”

“बकुळा घाबरेल.”

“बाबा, दोन पिल्लांची आई आहे मी!”

“मग प्रेमाचा?”

“लेकीसमोर? छे!”

असं करता करता अंधार पडला, भाजलेली रताळी गार झाली. बकुळा हिरमुसून उठली. “जाऊ दे बाबा, झोपते मी.”

पोपट घाईने म्हणाला, “मगरीच्या स्वयंपाकाचा एक आहे. लावू?”

“बघू,” गणोबा सवयीने म्हणाला.

गणोबाचं ‘बघू’ म्हणजे ‘नको’, हे अख्ख्या जंगलाला ठाऊक होतं. पोपट मात्र नवा होता. त्याने सिनेमा लावला.

“अरे, मी बघू म्हणालो!”

“मग बघा की, काका!”

बकुळा फिस्सकन हसली आणि परत बसली. सिनेमा इतका टुकार निघाला, की मगरीने कढी ढवळायला शेपूट घातल्यावर बापलेक हसून हसून लोळले.

पहाटे निघताना बकुळा म्हणाली, “बाबा, पुढच्या खेपेला याहून भिकार शोधून ठेवा हं!”