येसबा आणि गुऱ्हाळाचा धूर

उसाच्या मुलखात एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल तेवढंच करायचा, पण करायचा मनापासून.

गावात भैरू अण्णांचं गुऱ्हाळ होतं. धूर शेजारच्या शाळेत शिरायचा आणि पोरं खोकून खोकून बेजार व्हायची. भट्टीत टायर जाळतात, असा लोकांना संशय होता. अण्णा म्हणायचे, "देवाशपथ, आम्ही नुसतं चिपाड जाळतो."

मग शहरातून उपळेकर बाई धूर तपासायचं यंत्र घेऊन आल्या. टायर जाळला की धुराच्या बारीक कणांत एक नाजूक द्रव्य असतं म्हणे. लगेच तपासलं तर सापडतं, नाहीतर विरून जातं. ते सापडलं की भट्टी बंद. बाईंना हाताखाली गडी मिळेना. सगळे अण्णांना भ्यायचे. येसबाला भ्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी धुरात धरायला गाळणीचा कागद दिला. येसबानं तो धरला, खिशात घातला आणि पारावर गप्पा हाणत संध्याकाळी आणला. द्रव्य केव्हाच विरलं होतं.

"अरे, बर्फात घालून आणायचं!"

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "एसटीनं माझे सर येतायत, त्यांना घेऊन ये." येसबानं सरांना कुल्फीवाल्याच्या टेम्पोत बर्फाच्या लाद्यांमध्ये बसवून आणलं. सरांचे दात वाजत होते.

"अरे देवा! पाहुण्याला उन्हात बसवावं, गरम चहा द्यावा, चार शब्द बोलावेत!"

"बरं बाई."

पुन्हा कागद आणायला धाडलं. येसबानं तो उन्हात ठेवला, त्यावर कपभर चहा ओतला आणि विचारलं, "घरची मंडळी बरी हैत न्हवं?" कागद काही बोलला नाही. येसबाला वाटलं, शहरातला आहे, गर्विष्ठ असणार.

बाईंना रडू फुटलं. सर संध्याकाळी यंत्र घेऊन परत जाणार होते. "अरे, काळ्या कापडात घट्ट गुंडाळायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, पळत यायचं आणि थेट यंत्राच्या तोंडाशी धरायचं!"

"बरं बाई."

शेवटचा कागद बाई स्वतःच आणायला निघाल्या. शाळेत पंचांसमोर तपासणी होणार होती. जाता जाता त्या येसबाला म्हणाल्या, "तू फक्त अण्णांना शाळेत घेऊन ये."

बाई कागद घेऊन परतल्या, तर समोरून येसबा धावत येत होता. खांद्यावर काळ्या घोंगड्यात करकचून बांधलेलं भलंमोठं गाठोडं. आतून कुणीतरी लाथा झाडत होतं. अख्खं गाव मागून पळत होतं, काय झालं म्हणून विचारत होतं. येसबा कुणाशी चकार शब्द बोलला नाही.

त्यानं गाठोडं यंत्रापुढं आपटलं, तोंडाशी थोडं सोडलं आणि अण्णांचं डोकं यंत्राकडं ढकलायला लागला. घुर्र घुर्र करणारं यंत्र बघून अण्णांचं धोतर सुटायची वेळ आली.

"सोडा रं मला! जाळतो, टायरच जाळतो! चिपाड नुसतं वर दिसायला ठेवतो! उद्यापास्नं भट्टी बंद!"

पंच बघतच राहिले. पोरांनी खोकत खोकत टाळ्या वाजवल्या.

येसबाचं तोंड मात्र उतरलं. तो बाईंना म्हणाला, "बाई, यंत्र बिघडलंय. म्या अण्णास्नी अजून आत घातलं न्हाई, तवरच बोलाय लागलं."